मस्टँग जीटीला बाहेरचा एअर इनटेक बसवताना

कोल्हापुरात आमच्या गल्लीतली पोरं आरएक्स-१०० चा एअर फिल्टर काढून ठेवायची. आवाज घुमायचा, पोरं खूश. मग कधीतरी गाडी सीझ होऊन ढकलत आणावी लागायची आणि मेस्त्री पहिला प्रश्न टाकायचा, "फिल्टर काढलास ते काढलास, मेन जेट बदललास का?" मेन जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र. तो बदललेला नसायचाच. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, पिस्टन तापून चिकटला.

पंचवीसेक वर्षांनी इकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये, माझ्या २०१६ च्या मस्टँग जीटीला बाहेरचा इनटेक (इंजिनाला हवा पोचवणारा फिल्टर आणि नळी, गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीने बनवलेली) बसवायला घेतला तेव्हा हा प्रश्न आठवायला हवा होता. आठवला तो काम उरकून, हात धुऊन, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागल्यावर. नंतर दोन मित्रांच्या गाड्यांना बसवताना मात्र एकदाही अडलो नाही. पहिल्या वेळी मला जे कुणी सांगितलं नाही, ते इथे क्रमाने लिहितोय.

खालचं वर्णन २०१५ ते २०१७ च्या मस्टँग जीटीचं, म्हणजे पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाचं आहे. गाडी दुसरी असेल तर क्रम साधारण हाच राहील, बोल्ट आणि क्लिपा बदलतील. आणि किटबरोबर आलेला कागद माझ्यापेक्षा मोठा. तो वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

१. पिकअप हवाय की आवाज, हे आधी ठरवा

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर श्वास घेतं. पाच लिटरचं इंजिन साडेसहा हजार आरपीएमला फिरत असेल तर मिनिटाला साधारण सोळा हजार लिटर हवा आत जाते. हा आकडा ऐकला की वाटतं, कंपनीने एवढासा डबा देऊन इंजिनाचा गळाच आवळलाय. तसं नाही. कंपनीचा डबा समोरच्या जाळीमागून थंड हवा घेतो, बंदिस्त असतो आणि या इंजिनाला बऱ्यापैकी पुरतो. त्याचा हेतू शांतता हा आहे, आणि आपल्याला नेमकी तीच नको असते.

खोक्यावर काहीही छापलेलं असो, गाडीत दुसरा काही बदल न करता नुसता इनटेक लावून पाच ते दहा हॉर्सपॉवरच्या वर अपेक्षा ठेवू नका, आणि तेही वरच्या आरपीएमला. मूळ ४३५ हॉर्सपॉवरच्या गाडीत हा फरक सीटवर बसून कळत नाही. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, एकच गाडी दोनदा चढवली तरी दोन-चार हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतात. आवाज मात्र पहिल्याच चढावर कळतो. साडेतीन-चार हजारांच्या पुढे एक्सलेटर दाबला की बॉनेटखालून हवा ओढल्याचा जो खर्ज येतो, त्यासाठीच मी पैसे मोजले. घरी मात्र "इंजिनाला बरं असतं" असं सांगितलंय.

एवढ्यासाठी तीन-चारशे डॉलर घालवायचे नसतील तर कंपनीच्याच डब्यात बसणारा धुऊन वापरायचा फिल्टर घ्या. साठ-सत्तर डॉलरमध्ये आणि दहा मिनिटांत काम होतं, पुढचं काहीच करावं लागत नाही. आवाज थोडासाच बदलतो.

२. ट्यून लागणारा इनटेक की न लागणारा?

ट्यून म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये घातलेला नवा प्रोग्रॅम. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

फिल्टरच्या लगेच पुढे नळीत एक सेन्सर बसवलेला असतो: मास एअरफ्लो सेन्सर. सगळे त्याला मॅफ म्हणतात. त्याच्या आत एक बारीक तापवलेला घटक असतो. वरून हवा वाहिली की तो गार होतो आणि त्याला पुन्हा तेवढाच गरम ठेवायला किती वीज लागली यावरून गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो की किती हवा आत आली. त्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं.

आता गोम अशी की सेन्सर नळीतली सगळी हवा मोजत नाही. त्याच्या अंगावरून जाते तेवढीच मोजतो आणि बाकीचा हिशोब नळीच्या व्यासावरून आधीच मांडून ठेवलेला असतो. तुम्ही जास्त रुंद नळी बसवलीत की तीच हवा सेन्सरपाशी संथ वाहते. सेन्सर म्हणतो, हवा कमी आली. कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. प्रत्यक्षात हवा तेवढीच किंवा जास्तच असते. मिश्रण पातळ झालं, म्हणजे आपली आरएक्स-१०० चीच गोष्ट, फक्त जेटऐवजी कॉम्प्युटर.

एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतात आणि कॉम्प्युटर सांभाळूनही घेतो, पण ठराविक मर्यादेपर्यंतच. त्यापुढे दिवा लागतो. जोराने गाडी दामटताना मिश्रण पातळ राहिलं तर इंजिन तापतं, नॉकिंग होतं (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटतं), आणि दुरुस्तीचा आकडा इनटेकच्या आकड्याशेजारी लिहायच्या लायकीचा उरत नाही.

म्हणून बाजारात दोन जाती आहेत. एका जातीत सेन्सरपाशी नळीचा व्यास कंपनीसारखाच ठेवलेला असतो. त्याला ट्यून लागत नाही. दुसऱ्या जातीत नळी खरोखर रुंद असते आणि कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम घातल्याशिवाय गाडी चालवायचीच नसते. जाहिरातीतले मोठे आकडे बहुतेक दुसऱ्या जातीचे असतात आणि त्यातली बरीचशी करामत ट्यूनची असते, नळीची नसते.

नवख्या माणसाने पहिली जात घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्यून करायचाच असेल तर तो कोणत्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलाय ते बघा; ऑक्टेन जास्त तितकं नॉकिंग कमी. कॅलिफोर्नियात पंपावर प्रीमियम म्हणून ९१ मिळतं, बऱ्याच राज्यांत ९३. तिकडच्या मित्राने दिलेली ९३ ची फाईल इकडे घालणं म्हणजे नॉकिंगला आवतण.

३. पान्याआधी कागद

कॅलिफोर्नियात राहत असाल तर हा भाग दोनदा वाचा. इथल्या वाहन कायद्याच्या कलम २७१५६ नुसार प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत फेरफार करणारा पार्ट लावता येत नाही. अपवाद म्हणजे राज्याच्या हवा मंडळाने, म्हणजे कार्बने, त्या पार्टला मंजुरी देऊन क्रमांक दिलेला असणं. या क्रमांकाला इथे ईओ नंबर म्हणतात. प्रत्येक किटला नसतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांपैकी एकाला असतो, दुसऱ्याला नसतो. २०१८ च्या गाडीसाठी मिळालेला नंबर २०१६ ला चालेलच असं नाही. विकत घेण्यापूर्वी कार्बच्या यादीत तो नंबर काढून आपलं मॉडेल आणि आपलं साल त्यात आहे का, ते स्वतः तपासा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पेट्रोल गाडी आठ वर्षांची झाली की इथे दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, करावा लागतो आणि त्यात तपासणारा माणूस बॉनेट उघडून डोळ्यांनी बघतो. ईओ नंबरचं स्टिकर दिसलं नाही तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. जुलै २०२१ पासून कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमही तपासतात. मंजुरी नसलेला ट्यून असेल तरी नापासच. "स्मॉगच्या आदल्या दिवशी जुना डबा परत लावू" हा मार्ग लोक सांगतात. नळीपुरता तो चालेल, ट्यूनचं काय?

मी स्वतः एक चूक केली. एका माणसाकडून निम्म्या किमतीत वापरलेलं किट घेतलं. नंबरवालंच मॉडेल होतं, पण त्याचं स्टिकर त्याच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली चिकटलेलं होतं आणि ती गाडी केव्हाच विकली गेली होती. किट बनवणाऱ्यांना पत्रव्यवहार करून नवं स्टिकर मागवलं, तीन आठवडे गेले. तेव्हा वापरलेलं किट घेताना पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, स्टिकरचा विचारा.

वॉरंटीचं भूत उगाच मोठं केलं जातं. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा पार्ट दिसला एवढ्यावरून डीलरला अख्खी वॉरंटी रद्द करता येत नाही. बिघाड त्या पार्टमुळे झाला, हे त्याने दाखवायला हवं. म्हणजे पॉवर विंडो बिघडली तर इनटेककडे बोट दाखवता येणार नाही. मिश्रण पातळ होऊन पिस्टन गेला तर मात्र बोट दाखवायला जागा आहे. विमा कंपनीलाही एका ईमेलने कळवून ठेवा.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार काढून बघा. बऱ्याच ठिकाणी पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला मनाई असते. मी शनिवारी सकाळी मित्राच्या गॅरेजात गेलो. त्याच्या आईच्या हातचे पोहे हा त्या निर्णयाचा दुसरा फायदा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: याच पाच लिटरच्या इंजिनाची मस्टँग भारतात २०१६ साली आली. तिकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सांगितलंय. शिवाय किट डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी बनवलेलं असतं, बॉनेटखालची मांडणी तिकडे थोडी निराळी. तिकडची धूळ तर तुम्हाला मी सांगायला नको.

४. हत्यारं

फार काही लागत नाही. रॅचेट, ८ आणि १० मिमीचे सॉकेट, एक सहा इंची एक्स्टेन्शन, टी-२० टॉर्क्स बिट, चपटा स्क्रू ड्रायव्हर. प्लॅस्टिकच्या क्लिपा उपटायला दोन दात्यांचा फोर्क मिळतो तो घ्या, स्क्रू ड्रायव्हरने उपटलेली क्लिप पुन्हा कधी घट्ट बसत नाही. मॅफ सेन्सर क्लीनरचा डबा. लक्षात घ्या, मॅफचाच. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर सेन्सरवर मारला तर सेन्सर गेला.

ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, हवाच. गाडीच्या सॉकेटला लावून मोबाईलवर आकडे दाखवणारा वीस-तीस डॉलरचा पुरतो. आणि एक मोठा, भडक रंगाचा, धागे न सुटणारा फडका. का, ते पुढे.

५. आदल्या संध्याकाळी

इंजिन गरम असताना रीडर लावा आणि दोन आकडे लिहून ठेवा: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते), दोन्ही बँकांचे. व्ही-८ मध्ये चार-चार सिलिंडरच्या दोन बँका असतात, म्हणून आकडे चार. हे तुमचं "आधीचं" रीडिंग. ते नसेल तर उद्या आकडा वाकडा आल्यावर तो इनटेकमुळे की मुळातच तसा होता, हे कळणार नाही. माझ्याकडे नव्हतं.

मग किट उघडा आणि कागदावरच्या यादीशी एकेक तुकडा ताडून बघा. माझ्या मित्राच्या किटमध्ये एक क्लॅम्प कमी निघाला. आदल्या दिवशी कळलं म्हणून बरं, नाहीतर गाडी उघडी ठेवून दुकानात जायचं कशात? बॉनेट उघडून चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक होज कुठून कुठे जाते, ते दिसलं पाहिजे.

६. जुना डबा काढणं

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला बांधा. एक छोटी कटकट आधीच सांगतो. मस्टँगच्या काचांना दाराची चौकट नसते, म्हणून दार उघडताना काच जराशी खाली सरकते. बॅटरी काढली की ही सवय गाडी विसरते. तेव्हा बॅटरी काढायच्या आधी काच थोडी खाली करून ठेवा आणि काम झाल्यावर मॅन्युअलमधली रीत वापरून काचा पुन्हा शिकवा. घाबरून जाऊ नका, काही बिघडलेलं नसतं.

मॅफचं वायर कनेक्टर काढा. त्याला आधी एक लॉक असतं, ते नखाने मागे सरकवायचं, मग खटका दाबून कनेक्टर ओढायचा. वायरला धरून ओढू नका, कनेक्टरला धरा. क्रँककेसमधून येणारी होज झटपट-कपलिंगने बसवलेली असते, तिचाही खटका दाबून काढा. जुन्या गाडीत हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून आधी दाबा, मग हळूच हलवत काढा. या गाडीला इनटेकपासून केबिनच्या भिंतीपर्यंत जाणारी एक जाड नळीही असते, इंजिनाचा आवाज आत आणायला. कंपनीलाही आवाजाचं वेड आहेच, फक्त मोजूनमापून. नव्या किटमध्ये तिला जागा असेल तर ठेवा, नसेल तर भिंतीकडचं तोंड बूच लावून बंद करा.

आता थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या तोंडावरचा) क्लॅम्प ढिला करा, नळी सोडवा आणि लगेच तो भडक फडका थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर दाबून बसवा. या तोंडातून पडलेला वायसर थेट इंजिनात जातो. फडका भडक आणि मोठा एवढ्यासाठी की शेवटी तो आत विसरून वर नळी बसवणारेही महाभाग आहेत. मी नाही, पण ज्याच्या गॅरेजात काम केलं तो आहे.

डब्याचा १० मिमीचा बोल्ट काढा. खाली डबा रबरी ग्रोमेटांत खुंट्यांनी रुतलेला असतो. दोन्ही हातांनी सरळ वर खेचा. पहिल्यांदा जोर लागतो आणि वाटतं, काहीतरी तुटणार. वाकडा न ओढता सरळ ओढला तर काही तुटत नाही. ग्रोमेट खुंटीबरोबर वर आले का ते बघा, नव्या किटला तेच लागण्याची शक्यता असते.

७. सेन्सर हलवणं: इथे घाई नको

सगळ्या कामात जीव इथे आहे. बाकी नळ्या आणि बोल्ट आहेत, चुकलं तर पुन्हा काढता येतं.

टी-२० ने दोन स्क्रू काढा, सेन्सर सरळ वर उचला. मधल्या बारीक घटकाला बोट, फडका, कानातली काडी, काही काही लावू नका. कळकट दिसला तर क्लीनरचे आठ-दहा फवारे मारा आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर घालू नका, थुंकी उडते.

सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो. नव्या नळीत बाणाचं टोक इंजिनाकडे हवं. ओ-रिंगला (सेन्सरच्या रबरी कड्याला) बोटाने किंचित स्वच्छ इंजिन ऑइल लावलं तर ती न मुरगळता बसते. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, म्हणून आधी हाताने आटे जुळवून घ्या आणि टेकल्यावर पाव फेरा. मी "अजून थोडा" म्हणत पिळला आणि आटे गेले. एका स्क्रूवर सेन्सर किंचित डुलत राहिला, शेजारून हवा शिरत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तो पिवळा दिवा लागला. नवी नळी मागवावी लागली.

८. नवा इनटेक चढवणं

हीट शील्ड म्हणजे फिल्टरभोवतीचा आडोसा. त्याच्या कडेला रबरी पट्टी लावायची असते, ती बसवायच्या आधी तासभर उन्हात ठेवा, मऊ पडते. आडोसा नीट बसणं महत्त्वाचं, कारण उघडा फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो. हवा दहा अंश सेल्सियसने तापली की तिची घनता सुमारे तीन टक्के कमी होते, म्हणजे तुमचे पाच-दहा हॉर्सपॉवर तिथल्या तिथे परत गेले. झाकण असलेला बंदिस्त डबा मिळत असेल तर मी तोच घेईन, आवाज जरा कमी झाला तरी.

फडका काढा. (काढलात ना?) सिलिकॉनचा कपलर, म्हणजे जोडणारी छोटी नळी, थ्रॉटल बॉडीवर चढवा, दोन्ही क्लॅम्प ढिलेच ठेवा. नळी कपलरमध्ये सरकवा, दुसऱ्या टोकाला फिल्टर, मग होजा. सगळं ढिलं असतानाच नळी फिरवून बघा: कुठे पंख्याच्या आवरणाला घासत नाही ना, बॉनेटला टेकत नाही ना. बॉनेट अलगद टेकवून खात्री करा, आदळू नका. मग इंजिनाकडून फिल्टरकडे या क्रमाने क्लॅम्प आवळा. कपलरची कड क्लॅम्पखालून बाहेर थोडी फुगली की थांबा. जास्त आवळला तर क्लॅम्प सिलिकॉन कापतो.

कनेक्टर "टक" आवाज येईपर्यंत दाबा आणि लॉक पुढे सरकवा. ईओ नंबरचं स्टिकर बॉनेट उघडल्याबरोबर दिसेल अशा स्वच्छ कोरड्या जागी चिकटवा. शेवटी बॅटरी.

पहिल्यांदा मला अडीच तास लागले. कागदावर एक तास लिहिलेला होता.

९. पहिला स्टार्ट

हत्यारं मोजा. दहाचा सॉकेट सापडत नसेल तर सापडेपर्यंत गाडी चालू करू नका.

गाडी चालू करून पाच-सात मिनिटं जागेवर चालू द्या. आयडलिंग सुरुवातीला थोडं वर-खाली होईल, कॉम्प्युटर नव्याने शिकतोय. चालू होऊन लगेच बंद पडली तर बहुतेक वेळा मॅफचा कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. कोड पी०१०२ येईल, आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर त्याच घरात असल्याने सोबत पी०११३ सुद्धा. दोन्ही एकदम आले की दुसरीकडे शोधू नका, आधी कनेक्टर बघा.

"स्सस्स" असा बारीक आवाज येत असेल तर हवा गळतेय. कुठून, हे महत्त्वाचं. सेन्सरच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूला फट असेल तर न गाळलेली हवा आत जाते, मोजली मात्र जाते. सेन्सरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला फट असेल तर न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. साबणाचं पाणी ब्रशने कपलरला लावून बघा, फट असली तर पाणी आत ओढलं जातं. चालू इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची युक्ती लोक सांगतात, ती आग लागायची युक्ती आहे.

१०. पहिले आठ दिवस

पहिल्या दिवशी लाल रेषेपर्यंत दामटू नका. शहरात, हायवेवर, सगळ्या प्रकारे शंभरेक मैल चालवा आणि मग तेच चार आकडे पुन्हा बघा.

फ्युएल ट्रिम अधिक चिन्हात म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. लाँग टर्मचा आकडा आधीच्यापेक्षा तीन-चार टक्क्यांनी हलला तर निवांत राहा. अधिक दहाच्या पुढे गेला तर गळती किंवा चुकीची नळी, गाडी उभी करा आणि शोधा. त्याकडे दुर्लक्ष केलं की पी०१७१ आणि पी०१७४ येतात: पहिल्या आणि दुसऱ्या बँकेचं मिश्रण पातळ. दोन्ही बँका एकदम पातळ असतील तर दोष दोघींच्या सामायिक वाटेत, म्हणजे तुम्ही नुकत्याच बसवलेल्या नळीतच आहे, असं धरून चाला. बॅटरी काढून दिवा घालवणं हा इलाज नव्हे. स्मॉग चेकला तर ते लगेच उघडं पडतं, कारण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या तेव्हा अपुऱ्या दिसतात.

आठव्या दिवशी, गार इंजिनावर, सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा. सिलिकॉन तापून-निवून थोडं बसतं. माझे दोन क्लॅम्प अर्धा-अर्धा फेरा ढिले निघाले.

११. धुणं आणि पाऊस

तेल लावून वापरायचे एअर फिल्टर आणि कोरडे एअर फिल्टर, असे दोन प्रकार मिळतात. तेलाचा धुतल्यावर पूर्ण वाळवून मग हलक्या हाताने तेल द्यायचं असतं. फोडणी घातल्यासारखं ओतलं तर जादा तेल उडून मॅफच्या घटकावर बसतं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. ही काळजी नको असेल तर कोरडा घ्या, मी तोच घेतला.

पावसाची भीती या किटला फारशी नाही, फिल्टर वरच्या बाजूला असतो. काही गाड्यांना मिळणारे इनटेक मात्र फिल्टर खाली बंपरमागे नेऊन ठेवतात. तसल्या गाडीने तुंबलेल्या पाण्यात शिरलात आणि फिल्टर बुडाला तर इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्या रस्त्यावर पाणी तुंबत असेल तर तो प्रकार घेऊच नका.

कंपनीचा जुना डबा फेकू नका, विकूही नका. गाडी विकताना घेणारा विचारतो. त्याचे स्क्रू, बोल्ट आणि क्लिपा एका पिशवीत घालून डब्यातच ठेवा आणि वर स्केच पेनने गाडीचं साल लिहा. माझा डबा कपाटात वरच्या फळीवर, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी आहे. दर भाद्रपदात बायको तो खाली काढते आणि हे अजून किती वर्षं ठेवायचं, असं विचारते.